शेवटचे युनिट सर्वांत महाग

(नागपूर जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. संत्र्याच्या फळगळीवरही बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते घरातल्या विजेच्या बिलावर. काहींना वाटेल, हा काय जिल्हा बैठकीचा विषय झाला? पंखे आणि दिवे बायाबापड्यांनी बघावेत, बैठकीत मोठे प्रश्न घ्यावेत. खरे सांगायचे तर कालपरवापर्यंत आम्हालाही तसेच वाटत होते. मत का बदलले ते आधी सांगतो, कारण त्यात आमची चूक आहे आणि चूक चारचौघांत कबूल केलेली बरी.

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना आणली. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत अशी तिची मुदत आहे. आम्ही गावोगाव गेलो आणि सांगितले, ‘बिल आता भरायचे नाही.’ सभेत टाळ्या पडल्या. काटोल तालुक्यातल्या एका गावी पहिल्या रांगेत एक विधवा ताई बसली होती. तीन एकर संत्र्याची बाग, विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप, घरात सासू आणि बारावीला असलेली मुलगी. तिने आमचा शब्द ऐकला आणि त्या दिवसापासून येईल ते बिल पत्र्याच्या डब्यात टाकत गेली. पंपाचेही आणि घराचेही. दोन्ही बिले नवऱ्याच्याच नावावर, दोन्हींचा कागद सारखाच दिसणारा. थकबाकीची नोटीस आली, तीही त्याच डब्यात गेली. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि घराची वीज तोडली गेली. पोरगी आठ दिवस शेजारच्यांच्या ओसरीत अभ्यास करत होती.

आम्हाला कळले तेव्हा आम्ही धावत गेलो. वाटले, ताई चार शब्द सुनावेल. ती एवढेच म्हणाली, ‘भाऊ, तुमी पंपाचं सांगितलं थे खरंच होतं. पन घराचं कोनीच नाही सांगितलं.’

भावांनो, पंचवीस सभा घेतल्या, पण पंपाचे बिल वेगळे आणि घराचे बिल वेगळे, हे एक वाक्य बोलायचे राहिले. कार्यकर्त्यांनी वर्गणी करून थकबाकी भरली, वीज आली, मुलीने परीक्षा दिली. मग आम्ही तिच्या ओसरीवर बसून तो पत्र्याचा डबा उघडला. त्या डब्यातून जे निघाले तेच आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

डब्यात एप्रिल २०२४ चे घराचे बिल होते. वापर २४० युनिट. हे युनिट म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण जी वस्तू आपण विकत घेतो तिचे माप आपल्याला ठाऊक पाहिजे. कापूस क्विंटलने मोजतो, दूध लिटरने मोजतो, वीज युनिटने मोजायची. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. शंभर वॅटचे दहा तास चालले तरी एक युनिट. प्रत्येक उपकरणावर वॅटचा आकडा छापलेला असतो. वॅट गुणिले तास, भागिले हजार. चौथीतल्या पोराला येणारे हे गणित आहे.

आता दर. विजेचा दर सरसकट नसतो, टप्प्याटप्प्याचा असतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी ऊर्जा आकार ४ रुपये ७१ पैसे होता, १०१ ते ३०० युनिटांसाठी १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर वहन आकार १ रुपया १७ पैसे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरातले एक युनिट घरात पडत होते ६ रुपये ८२ पैशांना आणि एकशेएकावे युनिट पडत होते १३ रुपये २९ पैशांना. जवळजवळ दुप्पट. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे. त्यानंतर दर बदलत गेले आहेत, तेव्हा तुमच्या हातातल्या बिलावर जे आकडे असतील ते घाला. टप्प्यांची रीत मात्र तीच आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच युनिट महाग होतात, असे गावात म्हणतात. तसे नाही. पहिले शंभर पहिल्याच दराने लागतात. महाग होतात ते वरचे. आणि म्हणूनच आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी वरचे, म्हणजे सर्वांत महागाचे वाचते.

आम्ही शेती विषयात पदवी घेतली. तिथे पहिल्याच वर्षी खतमात्रेचा धडा असतो. युरियाची पहिली गोणी जेवढे उत्पन्न वाढवते तेवढे दुसरी वाढवत नाही, आणि तिसरी तर नुसता कडबा वाढवते. शहाणा शेतकरी सरासरी काढत नाही, तो शेवटच्या गोणीचा हिशेब करतो. ती गोणी स्वतःचे पैसे वसूल करते की नाही, एवढेच पाहतो. विजेला हाच नियम लावा. फरक एवढाच की इथे शेवटची गोणी दुप्पट भावाने विकत घ्यावी लागते. शेतात जो हिशेब आपण वर्षानुवर्षे करतो तो घराच्या उंबरठ्यावर का सोडून येतो?

ताईच्या घरी आम्ही वही काढली आणि एकेक उपकरण लिहिले. जुने ७५ वॅटचे तीन पंखे, दिवसाला चौदा तास. महिन्याला झाले साडेचौऱ्याण्णव युनिट. मोठा कूलर, २०० वॅट, दहा तास. ६० युनिट. जुना फ्रिज, दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. चोकच्या दोन ट्यूबलाइट, चोकसह प्रत्येकी ५० वॅट, पाच तास. १५ युनिट. टीव्ही आणि त्याचा डबा मिळून १२. पाण्याचा टिल्लू पंप साडेसात. मिक्सर, इस्त्री, मोबाइल मिळून ६. बेरीज केली, बरोबर २४०. मीटर खोटे बोलत नव्हते.

ताईला वाटत होते की खरा खादाड कूलर आहे. उन्हाळ्यात बिल वाढते, कूलरही उन्हाळ्यातच चालतो, म्हणून सगळा आळ त्याच्यावर. पण वहीत पहिला नंबर पंख्यांचा लागला. पंखा गरीब दिसतो, आवाज करत नाही, पण दिवसरात्र फिरतो. आज बाजारात बीएलडीसी मोटरचा पंखा मिळतो, तो तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात, म्हणजे वरच्या टप्प्यात अडीचशे रुपये. पंख्याची किंमत अडीच ते तीन हजार. आपल्या नागपूरकडे पंखा वर्षातून आठ-नऊ महिने चालतो. सव्वा वर्षात पैसे वसूल, त्यानंतरची बचत घरची. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे. दुकानात गेलात तर आधी तारे पाहा, मग रंग पाहा.

चोकची ट्यूब काढून २० वॅटची एलईडी लावली की दोन ट्यूबमागे महिन्याला ९ युनिट वाचतात. साठ वॅटचा पिवळा बल्ब जिथे अजून असेल तिथे नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. हे सर्वांत स्वस्त काम, म्हणून सर्वांत आधी करावे.

आता कूलर. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कूलर ही चैन नाही. ज्याने मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपार काढली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण कूलर चालतो कसा ते समजले तर तोच गारवा कमी तासांत मिळतो. ताटीतले पाणी हवेत उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून हवा कोरडी असेल तोवर कूलर उत्तम, पाऊस सुरू झाला की नुसता दमटपणा. म्हणूनच समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. दारे-खिडक्या लावून कूलर चालवला तर तीच ओली हवा फिरत राहते आणि आपण वेग वाढवतो. कूलरवर थेट ऊन पडू देऊ नका, बागेतली हिरवी जाळी वर बांधा. मार्चमध्ये ताटीचे गवत बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर वाचलेले पैसे डेंग्यूच्या डॉक्टरला द्यावे लागतील. आणि छताला चुना मारा. पांढरे छप्पर ऊन परत फेकते, काळे छप्पर पिऊन ठेवते आणि रात्रभर खोलीत ओकते. पश्चिमेला कडुनिंब लावला तर पाच-सात वर्षांनी तो फुकट सावली देऊ लागेल.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि दाराचे रबर तपासा. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा. कपटा सहज निघाला तर थंडावा बाहेर जातो आहे. टीव्ही रिमोटने बंद होतो, त्याचा डबा चालूच राहतो. भिंतीवरचे बटण दाबा. हिवाळ्यात पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड अर्धा तास घातला तरी महिन्याला बावीसेक युनिट जातात. बंबात तुराटी-पऱ्हाटी जळत असेल तर रॉड कशाला?

हे सगळे केले तर वहीप्रमाणे ताईचे २४० चे १४४ युनिट होतात. वाचले ९६, म्हणजे ४० टक्के. पण पैशात पाहा. २४० युनिटांचा ऊर्जा आणि वहन आकार होता २१९२ रुपये, १४४ चा होतो १०९२. युनिट ४० टक्के कमी, पैसे निम्मे. शुल्क धरून महिन्याला पावणेतेराशे रुपये. शेवटचे युनिट सर्वांत महाग असते, त्याचा हा पुरावा.

ही झाली वही. प्रत्यक्षात काय झाले तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पुस्तकी हिशेब. ताईने तिन्ही पंखे बदलले नाहीत, तेवढे पैसे नव्हते. मृग बहाराची संत्री विकल्यावर एक पंखा घेतला, तोही जास्त फिरणाऱ्या जागी, सासूच्या खोलीत. ट्यूब बदलल्या, टिनावर चुना मारला, कूलरवर जाळी बांधली. एप्रिल २०२५ चे बिल आले १८६ युनिटांचे. ५४ युनिट कमी. आधीच्या दराने मोजले तर सातशे रुपयांच्या वर. वहीइतके नाही, पण त्या घरात सातशे रुपयांचा महिन्याचा तेल-तिखटाचा खर्च भागतो.

आता तुमच्यातला कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे. शहरात एकेका घरात तीन-तीन एसी चालतात, आणि बचतीचा उपदेश आम्हाला? प्रश्न रास्त आहे. २००५ नंतर कित्येक वर्षे या राज्याने भारनियमन सोसले आणि त्याचा मोठा वाटा गावाने सोसला. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच आपल्या जिल्ह्यात, खापरखेडा आपल्या जिल्ह्यात, मौदा आपल्या जिल्ह्यात. कोळशाच्या खाणी सावनेर-उमरेडच्या. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा राख शिरली ती शेतकऱ्याच्या शेतात. एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो, आणि आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राखच असते. ही राख कोणाच्या अंगणात पडते ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून आमचे म्हणणे नीट ऐका. देशासाठी दिवे मालवा, असे आम्ही सांगत नाही. त्याग करायला शेतकऱ्याजवळ आता उरले काय? आम्ही सांगतो ते एवढेच की फुकट जाणाऱ्या विजेचे पैसे देऊ नका. बाजारात जाणारा शेतकरी पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. तोच शेतकरी घरी येऊन तेरा रुपयांचे युनिट रिकाम्या खोलीत फिरवतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. बचतीच्या नावाखाली घरातल्या बाईवर कष्ट ढकलायचे नाहीत. गॅस महाग झाला म्हणून तिने पुन्हा चुलीचा धूर खावा, मिक्सर बंद करून पाट्यावर वाटावे, पोरीने अभ्यासाचा दिवा लवकर मालवावा, ही बचत नव्हे. गॅस वाचवायचा तर डाळ तासभर आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, कुकरची शिटी झाली की आच बारीक करा. दावणीला चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागते. त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि स्लरी शेताला मिळते. पण तेवढे शेण-पाणी रोज कोण घालणार, हे घरात आधी ठरवा. ते काम पुन्हा तिच्याच डोक्यावर जाणार असेल तर बांधू नका.

छतावरच्या सौर पॅनेलविषयी बरेच जण विचारतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये असे अनुदान ठरले. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देते. पण क्रम चुकवू नका. आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजा. २४० युनिटांच्या घराला दोन किलोवॅट लागतील, १४४ च्या घराचे एक-सव्वा किलोवॅटमध्ये भागेल. गळक्या टाकीला मोठा पंप बसवण्यात शहाणपण नाही.

शेवटी मीटरची गोष्ट. सगळे केले आणि मीटरच चुकत असेल तर? घरातली सगळी बटणे बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा जोडणी चुकली आहे. वायरमनला दाखवा. मग हजार वॅटची शेगडी तेवढी एक तास चालवा. मीटर साधारण एक युनिट पुढे गेले पाहिजे. बिलावर रीडिंग असते ते आपल्या मीटरशी ताडून पाहा. रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल तर लगेच लेखी अर्ज द्या. दोन महिन्यांचे रीडिंग एकत्र आले तर टप्प्याचा लाभही दोन महिन्यांचा मिळाला आहे ना, ते पाहा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे आणि त्याचे कार्यालय नागपुरात आहे. आणि हे लक्षात ठेवा, थकबाकीसाठी वीज तोडायची तर २००३ च्या कायद्याप्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस आली की डब्यात टाकू नका, त्याच दिवशी कार्यकर्त्याला दाखवा.

दर ठरवताना वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. नागपुरातही अशा सुनावण्या झाल्या आहेत. तिथे नुसता ‘दरवाढ रद्द करा’ असा घोष करणाऱ्याचे ऐकून घेतात आणि पुढचे नाव पुकारतात. पण ज्याच्या हातात दोनशे घरांच्या बारा महिन्यांच्या बिलांची वही आहे त्याला उत्तर द्यावे लागते. आपला उत्पादनखर्च आपण मांडायला शिकलो तेव्हाच आपल्या भावाच्या मागणीला धार आली. घरखर्चाचेही तसेच आहे.

म्हणून या बैठकीतून एकच काम घेऊन जा. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गावशाखेने दहा घरांची वही करायची. तीन रकाने काढायचे : उपकरण, वॅट, तास. शेजारी बारा महिन्यांची बिले लावायची. पंपाचे बिल वेगळे, घराचे वेगळे, आणि ज्या घरात वाचणारे कोणी नसेल त्या घरी आधी जायचे. त्यात मायबहिणींना पुढे घ्या, कारण कोणते बटण किती तास चालते ते त्यांनाच ठाऊक असते.

ताईच्या घरी आता दोन डबे आहेत. एकावर मुलीने खडूने लिहिले आहे ‘पंप’, दुसऱ्यावर ‘घर’. जे आम्ही पंचवीस सभांत सांगितले नाही ते त्या पोरीने दोन शब्दांत लिहिले. तेवढे दोन डबे प्रत्येक घरात झाले तरी आजची बैठक कामी आली असे आम्ही समजू.